अक्षराचे माहेर

माण हे मुळशी तालुक्यातले गाव. हिंजवडीच्या राजीव गांधी आयटी पार्कचा तिसरा टप्पा याच्या शिवारात आला, शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचा डेपो इथे झाला, आणि एकरांत बोलणारी माणसे गुंठ्यांवरून चौरस फुटांवर आली. जमिनीला भाव आला तसा जुन्या कागदालाही आला. माळ्यावरच्या ट्रंकेतून, देवघराच्या फळीवरून, कापडात बांधलेली पुडकी खाली उतरली. त्यांत खरेदीखते निघतात, वाटण्या निघतात, गहाणवटी निघतात. क्वचित एखादा महजर किंवा सनदेची नक्कल निघते. २०२३ साली राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली आणि तहसील कचेऱ्यांतली जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरे उघडली गेली. तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आले की आपल्या आजोबा-पणजोबांची नावे ज्या मोडी लिपीत आहेत ती वाचणारी माणसे फार थोडी उरली आहेत.

तेव्हापासून मोडीचे वर्ग वाढले, ही चांगली गोष्ट आहे. पण जुन्या कागदाला विचारायचे प्रश्न तीन असतात. यात काय लिहिले आहे? हे कधी लिहिले? आणि हे कोणाच्या हातचे, कुठल्या दफ्तरातले? पहिल्या प्रश्नासाठी मोडी वाचता आली की पुरते. पुढच्या दोन प्रश्नांना नुसते वाचन पुरत नाही. तिथे मजकूर बाजूला ठेवून अक्षराकडे बघावे लागते. बोरू कसा कापला होता, रेघ कुठून कुठे गेली, काना पुढच्या अक्षराला कसा जोडला, कुठला शब्द तोडून लिहिला, हे बघावे लागते. या पुस्तकाचा विषय तो आहे. मोडी वाचू लागलेल्या माणसाला पुढची पायरी दाखवण्यासाठी ते लिहिले आहे आणि म्हणून थोडी लांबलेली ही प्रस्तावना.

हस्ताक्षरावरून कागदाचे मूळ शोधण्याची विद्या युरोपात जन्मली ती जमिनीच्या भांडणातून. मठांकडे शेकडो वर्षांपूर्वीच्या राजांनी दिलेल्या दानपत्रांचे गठ्ठे होते आणि त्यांच्या जोरावर मठ गावेच्या गावे खात होते. १६७५ साली डॅनिएल पापेब्रोख या जेझुइट पंडिताने त्यांतल्या अतिप्राचीन म्हणवणाऱ्या पत्रांच्या खरेपणावर शंका घेतली. बेनेडिक्टाइन पंथाच्या मठांना ही शंका झोंबणारच होती. त्या पंथाचा एक साधू, जाँ माबियाँ, उत्तर द्यायला बसला. चिडून पत्रक काढण्याऐवजी त्याने ठिकठिकाणची जुनी पत्रे गोळा केली, त्यांचा कागद-कातडे, शाई, अक्षर, मायना, शेवट, शिक्का, तारीख लिहिण्याची पद्धत हे सगळे ताडून पाहिले, आणि १६८१ मध्ये खरे कसे ओळखावे याचे नियमच ग्रंथरूपाने मांडले. पापेब्रोखने तो ग्रंथ वाचून मोकळ्या मनाने माबियाँचे अभिनंदन केले.

आपल्याकडेही हेच झाले. पेशवाई १८१८ मध्ये बुडाल्यावर इंग्रजांच्या हाती इनामांचा प्रचंड गुंता आला. कोणाचे इनाम खरे, कोणाचे वहिवाटीने चालत आलेले, कोणाचे मागाहून रचलेल्या कागदावरचे? १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला चौकशीचे अधिकार मिळाले. गावोगावच्या इनामदारांना सनदा हजर कराव्या लागल्या आणि त्या हुजूर दफ्तरातल्या नोंदींशी ताडल्या गेल्या. या चौकशीत अनेक घरांचे उत्पन्न गेले आणि त्याचा राग पुढे बरीच वर्षे धुमसत राहिला. हे कमिशन न्यायाने वागले असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच्या कामासाठी जे कागद एकत्र आले, त्यांतूनच पुण्याचे पेशवे दफ्तर आज आपण पाहतो त्या रूपात जमले. १८९१ मध्ये उभ्या राहिलेल्या दगडी इमारतीत ते रुमालांत बांधून ठेवलेले आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापले. त्याआधी, १८९८ पासून, वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून कागद मिळवून साधनांचे खंड काढत होते, आणि १९१० मध्ये त्यांनी खं. चिं. मेहेंदळे यांच्यासह भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मराठीतली कागद पारखण्याची विद्या या मंडळींनी घडवली. ग्रंथ लिहून कमी, दफ्तर उपसता उपसता जास्त.

आता अक्षराकडे. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग अक्षरे त्या रेघांना खालून टांगत जाई. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही, बोरू होईल तितका कमी उचलायचा. वेगासाठी घडलेली ही लिपी असल्यामुळे तिच्यात हाताच्या सवयी फार स्पष्ट उमटतात. अभ्यासक तिचे काळ ढोबळमानाने यादवकालीन, बहमनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन असे पाडतात. मोडी हेमाद्रीने आणली ही जुनी समजूत आहे. तिला ठोस पुरावा नाही. शिवकालीन अक्षर लपेटीचे आणि धावते. त्यातले चिटणीसी वळण महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या नावाशी जोडले जाते. पेशवाईत पुण्याच्या फडावरचे कारकुनी अक्षर गोलसर, एका बाजूला कललेले, सारख्या अंतराचे झाले. बिवलकरी वळण त्यातले नावाजलेले. इंग्रजी अमलात बोरू जाऊन टाक आला. बोरूच्या तिरक्या कापाने येणारा जाड-बारीक रेघेचा डौल गेला, रेघ एकसुरी आणि बारीक झाली, अक्षरही घाईचे झाले. एकच मजकूर या तीन हातांनी लिहून शेजारी ठेवला तर नवशिक्यालाही फरक कळतो.

वळणाइतकीच बोलकी असतात संक्षेपचिन्हे. मोडी लिहिणारा नेहमीचे शब्द पहिल्या अक्षरावर तोडून पुढे दोन दंड देतो: रा॥ म्हणजे राजश्री, सु॥ म्हणजे सुहूर सन. दंडांशिवाय येणारा छ म्हणजे चंद्र, अर्थात मुसलमानी महिन्याची तारीख. कुठला शब्द तोडायचा, कुठला पुरा लिहायचा, ही सवय दफ्तरादफ्तराची वेगळी. लॅटिन पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी हीच खूण पकडली होती. आयर्लंड आणि इंग्लंडकडच्या परंपरेत शिकलेला लेखनिक ‘आहे’ या अर्थाचा लॅटिन शब्द पुरा न लिहिता एका आडव्या रेघेच्या वर-खाली दोन टिंबे देऊन भागवत असे. शेकडो मैल दूरच्या मठातल्या पोथीत ही खूण दिसली की तिच्यामागे त्या बेटांवरचा हात आहे हे कळे. दक्षिण इटलीत बेनेव्हेंतन, स्पेनमध्ये व्हिसिगॉथिक, फ्रान्समध्ये लक्सय आणि कॉर्बी या मठांची आपापली अक्षरे होती. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यात एक स्वच्छ, सुटे अक्षर पसरले आणि हळूहळू प्रांतोप्रांतीची वळणे मागे पडली. म्हणूनच ई. ए. लोव या विद्वानाने इ. स. ८०० ही सीमा धरली. तोवरच्या यच्चयावत लॅटिन पोथ्यांची, प्रत्येकीच्या अक्षराच्या छायाचित्रासह, यादी करण्यात त्याने हयात घालवली. १९३४ ते १९६६ या काळात तिचे अकरा भाग निघाले, पुरवणी १९७१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर आली. एकट्या अक्षरावरून मूळ सांगणारी आपल्याकडची उदाहरणेही आहेत. महानुभावांची सकळ लिपी घ्या. पूर्वी पंथाबाहेर ती कोणाला येत नसल्यामुळे सकळ लिपीतली पोथी हाती आली की ती कुठल्या परंपरेतून आली हे निराळे विचारावे लागत नाही.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की वळणांचा तक्ता पाठ केला की काम झाले. या विषयातला सगळ्यात मोठा धोका तोच आहे. अक्षर हे लिहिणाऱ्याचे माहेर सांगते, तो नांदतो कुठे ते सांगत नाही. हात कुठे घडला याची साक्ष ते देते. तो हात कागद लिहिताना कुठे बसला होता, याची नव्हे.

याचे युरोपातले नामांकित उदाहरण म्हणजे कोडेक्स आमियातिनुस. फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयातली ही संपूर्ण लॅटिन बायबलाची प्रत. हजारावर चर्मपत्रे, वजन सुमारे ३४ किलो. अक्षर इतके शुद्ध इटालियन घाटाचे की ती इटलीत लिहिली गेली याबद्दल फारसा कोणाला संशय नव्हता. अर्पणपत्रिकेवर नावही लोम्बार्डांच्या देशातल्या पीटर नावाच्या मठाधिपतीचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी यांनी ती ओळ बारकाईने पाहिली. नाव खरवडून त्या जागी नवे घातले होते. खाली जे होते त्याचा माग काढता काढता निघाला सेओलफ्रिड. हा इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्ब्रियात, वेअरमथ-जॅरो मठाचा प्रमुख. ७१६ साली तो ही पोथी पोपला भेट द्यायला रोमकडे निघाला आणि वाटेत फ्रान्समध्येच वारला. नॉर्थम्ब्रियातल्या लेखनिकांनी इटलीहून आलेल्या पोथ्या समोर ठेवून हात घोटला होता. त्यामुळे अक्षर इटलीचे आणि पोथी इंग्लंडची. अक्षराने खोटे सांगितले नव्हते. ऐकणाऱ्यांनी त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून काढले होते.

मराठ्यांचा पसारा लक्षात घेतला की ही गोष्ट आपल्याला किती लागू आहे ते कळते. तंजावरात १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती आणि तिथला कारभार मोडीत चाले. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या कागदांचा मोठा साठा आहे. कावेरीकाठी बसून लिहिणाऱ्या कारकुनाचा हात मराठी दफ्तराच्या शिस्तीत घडलेला होता. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे या दरबारांतही मराठी कारकून होते. म्हणून कागद पुणेरी वळणाचा आहे म्हणजे तो पुण्यात लिहिला, हे अनुमान कच्चे. तो पुणेरी शिस्तीत शिकलेल्याने लिहिला, एवढेच पक्के. आणि लहान गावात तर कुलकर्ण्याचे अक्षर पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून लेकाकडे जाई. फडावरचे वळण बदलले तरी खेड्यातला म्हातारा कुलकर्णी आपल्या तरुणपणीच्याच वळणाने लिहीत राही. एकाच वर्षीच्या दोन कागदांत पन्नास वर्षांचे अंतर दिसू शकते. नुसत्या अक्षरावरून काळ सांगताना मागेपुढे पाव शतकाची ढिलाई ठेवावीच लागते. ‘अमुक सालचे’ असे ठणकावून सांगणाऱ्या जाणकारापासून सावध राहिलेले बरे.

मग नेमके साल आणि ठिकाण कसे ठरते? बाकीच्या साक्षी बोलावून. त्यांत पहिली तारखेची. नमुन्यादाखल एक ओळ धरू: ‘सु॥ समान खमसैन मया व अलफ’. हे अरबी आकडे, एकमाकडून हजाराकडे जाणारे: आठ, पन्नास, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन ११५८. सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास, सुरू होते. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. आकडा येतो १७५७-५८. आता याच कागदावर ‘छ १२ रबिलावल’ असेल, तर तो चंद्र त्या वर्षी नोव्हेंबरात पडतो, म्हणून साल १७५७ पक्के. त्याच्यासोबत शके लिहिला असेल तर तो १६७९ हवा आणि संवत्सराचे नाव ईश्वर हवे. प्रमाथी लिहिले असेल तर दोन वर्षांची चूक आहे. अशी चूक भोळ्या कारकुनाकडूनही होते, पण मागाहून कागद रचणाऱ्याकडून जास्त होते, कारण त्याला चार कालगणनांची मोट एकत्र बांधायची असते आणि त्याच्या काळात त्या रोजच्या वापरातल्या राहिलेल्या नसतात.

दुसरी साक्ष भाषेची आणि मायन्याची. शिवराज्याभिषेकाच्या सुमारास कारभारातले फारसी शब्द हटवून संस्कृत शब्द सुचवणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. जुन्या पत्रांतल्या फारसी शब्दांचे प्रमाण शिवकाळापासून कसे घटत गेले, हे राजवाड्यांनी शब्द मोजून दाखवले. सोळाशे चाळीसचा म्हणून दाखवलेला कागद सबंध पेशवाई थाटाच्या मराठीत असेल, तर तिथे थांबून विचार करावा. तिसरी साक्ष शिक्क्याची: माथ्यावरचा मुख्य शिक्का आणि मजकूर संपला तिथली मोर्तब. मोर्तब असते ती मजकुरानंतर कोणी ओळ घुसडू नये म्हणून. ती आणि शेवटचे अक्षर यांत ऐसपैस जागा सुटली असेल किंवा तिथे दाटीवाटीने शब्द कोंबले असतील, तर दोन्ही गोष्टी खटकल्या पाहिजेत. कागद अनेक बंद चिकटवून लांब केलेला असेल तर सांधे तपासावेत.

चौथी साक्ष कागदाची. आपल्या या भागाला जुन्नर जवळ, आणि जुन्नरी कागद त्या काळी नावाजलेला. हातकागद उजेडासमोर धरला की साच्याच्या काड्यांच्या रेघा दिसतात. इंग्रजी अमलातला यंत्राचा कागद तसा नसतो. त्यात अनेकदा पाणछाप असते आणि कधी तिच्यात सालही असते. पेशवाईतली अस्सल म्हणवणारी सनद पेशवाईनंतरचे साल असलेल्या पाणछापेच्या कागदावर निघाली तर वाद तिथेच मिटतो. लॅटिन पोथ्यांच्या अभ्यासकांनाही कातड्याचा असाच उपयोग झाला. युरोपच्या मुख्य भूमीवर आठ पानांची जुडी बांधत आणि केसाळ बाजूसमोर केसाळ बाजू येईल अशी रचत. आयरिश-इंग्रज परंपरेत बहुधा दहा पानांची जुडी असे आणि दोन्ही बाजू घासून जवळपास सारख्या केलेल्या असत. लेखनिक आपले अक्षर परगावी घेऊन जातो, कातडे मात्र बहुधा तिथलेच वापरतो.

पाचवी साक्ष मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते. महजर किंवा वतनी कागदाच्या शेवटी साक्षीदारांची नावे येतात. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या नावापुढे कुलकर्णी त्यांची निशाणी काढी. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी. बोटभर उंचीची ही चित्रे घाईत काढलेली असतात, तरी त्यांत गावगाडा उभा असतो. गोतसभेला कोण हजर होते, कोणाचे नाव आधी आणि कोणाचे मागून, शेजारच्या कोणत्या गावांचे पाटील बोलावले होते, हे त्या यादीतून कळते. कागद कुठे लिहिला गेला याचे उत्तर अक्षरापेक्षा ही यादी जास्त खात्रीने देते. मजकूर रचता येतो. पण त्या साली त्या पंचक्रोशीत खरोखर हयात असलेल्या पंधरा-वीस माणसांची, दुसऱ्या कागदांशी जुळणारी यादी रचणे फार अवघड.

एक गैरसमज मात्र मुळातच काढून टाकला पाहिजे, कारण त्यापायी चांगले कागद फुकट जातात. मजकूर शिवकालीन आणि अक्षर आंग्लकालीन, म्हणून कागद बनावट, असे होत नाही. इनाम कमिशनच्या काळात, भाऊबंदकीच्या वाटण्यांत, कोर्टकचेरीत जुन्या सनदांच्या नकला सर्रास होत. अस्सल कागद कमिशनकडे दाखल, घरात नक्कल, हा प्रकार घरोघरी आहे. चिंचवडच्या मोरया गोसावी देवस्थानासारख्या मोठ्या संस्थानांना तर एकच इनाम प्रत्येक नव्या सत्तेकडून पुन्हा मंजूर करून घ्यावे लागे, आणि प्रत्येक वेळी मागच्या कागदांच्या प्रती निघत. नक्कल स्वतःला नक्कल म्हणवत असेल तर ती प्रामाणिक साक्षीदार आहे. तिने ऐकीव सांगितले एवढेच. बनावट तो कागद, जो नंतरच्या हाताने लिहिला असून स्वतःला अस्सल म्हणवतो. हा फरक करता येणे, हीच या विद्येची खरी कसोटी. या पुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, ते आधी वाचले तरी चालेल.

पुस्तक वापरण्याबद्दल दोन शब्द. तक्ते पाठ करू नका. तारीख आणि ठिकाण निर्विवाद ठाऊक असलेले कागद आधी डोळ्यांखालून घाला. लोवसारख्यांची सगळी इमारत अशा खात्रीच्या पोथ्यांच्या पायावर उभी आहे. एकाच गावचे, एकाच घराण्याच्या कुलकर्ण्यांचे कागद सालवार लावून त्यांतले एकच अक्षर कसे बदलत गेले ते पाहा. आपल्या पंचक्रोशीतले कागद एकमेकांशेजारी ठेवले तर मुळशी-मावळाच्या कुलकर्णी घरांची वळणे ओळखू येतील; ते काम अजून व्हायचे आहे आणि ते पुण्यात बसून होणार नाही, इथल्याच माणसांनी करायचे आहे. मत देताना ‘बहुधा’, ‘या सुमाराचे’, ‘अमुक वळणात शिकलेल्या हाताचे’ असे शब्द वापरायला लाजू नका. आणि अक्षर एक सांगत असेल व तारीख, कागद, शिक्का, साक्षीदार दुसरे सांगत असतील, तर अक्षरावरचा आपला हट्ट सोडा.

शेवटची विनंती ज्यांच्या घरात पुडकी आहेत त्यांना. कागद प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नका. त्याने पाणछाप तपासणे अवघड होते आणि कागद कायमचा बिघडतो. चिकटपट्टी लावू नका, घडीवर पिना टोचू नका. पुडके सोडण्याआधी कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने त्यांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्या, कारण कुठला कागद कशाशेजारी ठेवला होता हाही पुरावा असतो. जमिनीचा निकाल लागेपर्यंत कागद जपणारी आणि नंतर तो रद्दीत टाकणारी घरे पुष्कळ पाहिली. निकाल लागला तरी कागद ठेवा, किंवा एखाद्या दफ्तराला, मंडळाला देऊन टाका. जमीन विकली तर पैसा तरी हाती येतो. कागद गेला तर गावाचा पुरावा गेला, आणि तो पुन्हा कुठल्याही भावाने विकत मिळत नाही.